अलगोलचा न दिसणारा जोडीदार: इंदूरच्या गच्चीवरून केलेल्या वर्णपट प्रकल्पाच्या नोंदी

१८ ऑक्टोबर

लक्ष्य ठरलं. ययाती तारकासमूहातला अलगोल: एक तेजस्वी तारा, आणि फिरता फिरता त्याला ठरावीक काळानं झाकणारा, न दिसणारा जोडीदार. आवर्तकाल २.८६७३ दिवस, म्हणजे २ दिवस २० तास ४९ मिनिटं. एरवी प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका) २.१, ग्रहणाच्या मध्यावर ३.४. इंदूरचा अक्षांश २२.७ उत्तर आणि ताऱ्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) ४१ उत्तर, त्यामुळे मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, तो ७२ अंश उंच येतो. नोव्हेंबरच्या मध्याला ही वेळ साधारण बाराची. लोकमान्य नगरच्या गच्चीवरून उत्तरेला टाकी आडवी येते, पण एवढ्या उंचीवर तिचा त्रास नाही.

काम दोन टप्प्यांचं आहे. तेजस्वी तारा दृष्टिरेषेवर किती वेगानं मागेपुढे होतो ते त्याच्या वर्णपटातल्या रेषांच्या सरकेवरून मोजून जोडीदाराचं वस्तुमान काढायचं हा पहिला टप्पा. तेवढ्या वजनाचा हा जोडीदार नेमका आहे कोण, हा दुसरा. पहिला टप्पा धीराचा, दुसरा विचाराचा, आणि गफलती जवळजवळ सगळ्या दुसऱ्यातच होतात. अलगोल घेण्याचं कारणही तेच. १७८३ मध्ये गुडरिकनं काळा गोळा आडवा येतो अशी कल्पना मांडली, १८८९ मध्ये पॉट्सडॅमला फोगेलनं ग्रहणाआधी तारा दूर जातो आणि ग्रहणानंतर जवळ येतो हे वर्णपटातून दाखवलं. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आपली पद्धत कुठे चुकते ते इथे कळतं. अनोळखी ताऱ्यावर ते कळायला मार्ग नसतो.

रेषा कोणती घ्यायची? पहिला मोह हायड्रोजन-अल्फाचा होतो, कारण ती ठळक असते. अलगोलला ती नको. जोडीदाराकडून मुख्य ताऱ्यावर वायू ओतला जातो आहे आणि त्या वायूचं उत्सर्जन हायड्रोजन-अल्फात मिसळतं. रेषेचा मध्य काढला तर तो ताऱ्याचा आणि वायूचा मिळून येतो. त्यामुळे आयनित सिलिकॉनची जोडी, ६३४७.१ आणि ६३७१.४ अँगस्ट्रॉम. अलगोलसारख्या बी-८ वर्गाच्या (तप्त, निळसर) ताऱ्यात या रेषा चांगल्या उमटतात आणि त्या ताऱ्याच्या वातावरणातच तयार होतात.

२३ ऑक्टोबर

स्पेक्ट्रोग्राफ जोडला. ख्रिस्तियान ब्यूइल यांनी सर्वांसाठी खुला केलेला स्टारएक्स आराखडा, थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजीमध्ये छापलेला. पीएलए घेऊ नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत तेवढं तापमान सहज होतं. भाग असे: ८० मिमीचं कोलिमेटर भिंग (प्रकाशाची समांतर शलाका करणारं), १२५ मिमीचं कॅमेरा भिंग, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी मिलिमीटरला २४०० रेघांची २५ मिमी चौरस ग्रेटिंग, २३ मायक्रॉनची आरसा-स्लिट (प्रकाश आत घेणारी बारीक फट), आणि आयएमएक्स-१७८ सेन्सरचा कॅमेरा (पिक्सेल २.४ मायक्रॉन, आडवे ३०९६). दुर्बीण ८ इंची श्मिट-कासेग्रेन, एफ-१०.

इथे एक हिशेब आधी करून घ्यावा. दोन्ही भिंगांच्या अक्षांत ३४ अंशांचा कोन ठरलेला आहे, त्यामुळे ६३४० अँगस्ट्रॉम मध्यावर आणायचे तर प्रकाश ग्रेटिंगवर साधारण ७० अंशांनी पडतो. एफ-१० च्या दुर्बिणीतून ८० मिमीच्या कोलिमेटरवर ८ मिमीची शलाका तयार होते. इतक्या तिरप्या कोनात ती ग्रेटिंगवर २३ मिमी पसरते. ग्रेटिंग २५ मिमीची आहे, म्हणजे जेमतेम बसते. एफ-५ ची न्यूटनियन लावली तर तीच शलाका ४६ मिमी होते आणि एक तृतीयांशाच्या आसपास प्रकाश ग्रेटिंगच्या बाहेर सांडतो. मोठा आरसा असूनही वर्णपट फिका येण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

वर्णपटाचा पसारा सेन्सरवर मिमीला २७ अँगस्ट्रॉम, म्हणजे पिक्सेलला ०.०६५ अँगस्ट्रॉम. ६३४७ ला १ किमी/से म्हणजे ०.०२१ अँगस्ट्रॉम, म्हणून एक पिक्सेल बरोबर ३ किमी/से. सेन्सरवर एकूण २०० अँगस्ट्रॉम मावतात. आम्ही ६२४० ते ६४४० अशी खिडकी लावली आहे. स्लिटची प्रतिमा साडेसहा पिक्सेल रुंद, त्यामुळे विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले वेगळा ओळखता येणारा सगळ्यात लहान फरक) १५,०००. याहून बारीक स्लिट इथे घेऊन फायदा नाही, कारण तारा स्वतःभोवती सेकंदाला ५० किमी वेगानं फिरतो आणि रेषा मुळातच रुंद आहे. बारीक स्लिटनं फक्त प्रकाश कमी होईल.

ग्रेटिंगच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, ब्लोअरची हवासुद्धा जपून. उजवी-डावी बाजू उलटी बसली तरी वर्णपट दिसतो, पण फिका आणि कमी विभेदनाचा. बसवताना बाण पाहा.

२९ ऑक्टोबर

निऑनचा दिवा. तयार कॅलिब्रेशन दिवे महाग पडतात. महाराणी रोडवर एक्स्टेंशन बोर्डात घालायचे छोटे निऑन इंडिकेटर मिळतात, तेच चालतात. २३० व्होल्टवर सोबत १५० ते २२० किलोओहमचा रोध हवाच, आणि जोडणीवर श्रिंक-ट्यूब. दव पडलेल्या गच्चीवर उघडी तार ठेवायची नाही. दिवा स्लिटच्या आधी, आत-बाहेर सरकणाऱ्या पट्टीवर बसवला. लाल एलईडी इंडिकेटरही त्याच दुकानात त्याच रंगात ठेवलेला असतो. त्यात निऑन नाही, त्याच्या वर्णपटात एकही रेषा मिळणार नाही.

खिडकीत निऑनच्या पाच रेषा येतात: ६२६६.५०, ६३०४.७९, ६३३४.४३, ६३८२.९९ आणि ६४०२.२५. सिलिकॉनच्या दोन्ही रेषा यांच्या अधेमधे पडतात, कडेला नाही. खिडकी निवडण्यामागे हे एक मोठं कारण होतं. पाच बिंदूंवर द्विघाती वक्र बसवला की उरलेली चूक ०.००५ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवी. जास्त आली तर एखादी रेषा संपृक्त झाली आहे, म्हणजे सेन्सरच्या मर्यादेपलीकडे उजळली आहे. ६४०२ नेहमी आधी संपृक्त होते, म्हणून उघडीप (एक्स्पोजरची वेळ) तिच्यावर बेतायची.

५ नोव्हेंबर

गायडिंग, म्हणजे तारा स्लिटवर धरून ठेवणं, बसलं. आरसा-स्लिटवरून परावर्तित प्रतिमा गाइड कॅमेऱ्यात, पीएचडी-२ या गायडिंगच्या प्रोग्रॅमवर दोन सेकंदांच्या उघडिपी. स्लिटची रुंदी आकाशात २.३ विकला, इथल्या हवेत ताऱ्याची चकती तीन विकलांच्या आसपास. म्हणजे कडेचा प्रकाश वाया जाणार हे धरूनच चालायचं. दव अकरानंतर पडायला लागतं, करेक्टर प्लेटला हीटरची पट्टी आणि पुढे दवनळी दोन्ही लागतात.

देवउठनी एकादशीनंतर लग्नं लागतील आणि मॅरेज गार्डनांचे झोत सुरू होतील. दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याला स्लिटमधून त्याचा उपद्रव नगण्य आहे. लेझर मात्र गाइड कॅमेऱ्याला भरकटवतो.

१२ नोव्हेंबर

मुख्य ग्रहण, म्हणजे जोडीदार तेजस्वी ताऱ्याला झाकतो ते, मध्य २३:४०. साडेआठला घेतलेल्या संचात वेग अपेक्षेपेक्षा १० किमी/से हून जास्त धन (दूर जाण्याच्या बाजूला) आला. मध्यानंतर तेवढाच ऋण बाजूला. उपकरण ठीक आहे. फिरणाऱ्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. जोडीदार आधी येणारी बाजू झाकतो, त्यामुळे उरलेल्या चकतीची रेषा लाल बाजूला झुकते. उत्तरार्धात उलट. १९२४ मध्ये मॅकलॉफ्लिननं हा परिणाम पाहिला तो याच ताऱ्यावर, आणि आज परग्रहांच्या कक्षेचा कल मोजायला तीच पद्धत वापरतात.

आपल्या कामासाठी निष्कर्ष एवढाच: ग्रहण जवळजवळ १० तास चालतं, म्हणून कला (फेरीचा किती भाग झाला ते, मुख्य ग्रहणाच्या मध्याला शून्य) ०.९३ ते ०.०७ मधलं एकही मोजमाप कक्षेच्या गणितात घ्यायचं नाही. घेतलं तर वक्राचा मधला भाग जास्त उभा होतो आणि उत्केंद्रता (लांबटपणा) नसलेल्या कक्षेला उत्केंद्रता चिकटते.

१५ नोव्हेंबर

हवी होती ती जोडी मिळाली. १३ तारखेला रात्री आठला कला ०.३०, तारा आपल्याकडे येत होता. १५ ला पहाटे दोनला कला ०.७३, तारा दूर जात होता.

दोन्ही वर्णपट एकाखाली एक लावले की वेगळं काही सांगावं लागत नाही. निऑनच्या पाचही रेषा वरपासून खालपर्यंत सरळ उभ्या. हवेतल्या ऑक्सिजनच्या बारीक रेषा, ६३०२.०० आणि ६३०२.७६, त्याही जागच्या जागी. आणि त्यांच्या शेजारी सिलिकॉनची उथळ, पसरट रेषा, खोली जेमतेम दहा टक्के, वरच्या वर्णपटात ६३४६.३९ ला आणि खालच्या ६३४८.१८ ला. सरक १.७९ अँगस्ट्रॉम, साडेसत्तावीस पिक्सेल. रेषेची स्वतःची रुंदी जेवढी, जवळपास तेवढीच ती सरकली आहे. ज्याचा प्रकाश या चित्रात कुठेही दिसत नाही, असा कुणीतरी सूर्याच्या तिपटीहून जड ताऱ्याला हलवतो आहे.

पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती १३ ला +२.३, १५ ला +१.७ किमी/से. ती मिळवून वेग −३१ आणि +५३. ही दुरुस्ती अ‍ॅस्ट्रोपाय या संगणकीय संचातून काढतो, पण अंदाज हातानंही करता येतो. अलगोलचा क्रांतिवृत्तीय रेखांश ५६ अंश, शर २२ अंश, म्हणून कमाल २७.५ किमी/से. १८ नोव्हेंबरच्या सुमारास ती शून्यातून जाते आणि या दिवसांत दर दोन दिवसांना साधारण १ किमी/से नं घटते. फेब्रुवारीच्या मध्याला −२७.५. यंत्रानं दिलेला आकडा या अंदाजाशी जुळत नसेल तर चिन्ह, वेळ किंवा रेखांश कुठेतरी उलटा गेला आहे. संगणकात भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांची अदलाबदल झाली तर वेगात फरक नगण्य पडतो, पण कलेत साडेपाच तास म्हणजे ०.०८ ची चूक होते. ती जास्त घातक.

उघडीप ३०० सेकंद, चार मिळून एक संच. वीस मिनिटांहून लांब संच करायचा नाही. ग्रहणाच्या अलीकडे-पलीकडे वेग तासाला ४ किमी/से बदलतो, तास-दीड तासाची बेरीज केली तर रेषा स्वतःच पुसट होते.

२१ नोव्हेंबर

शून्यबिंदूचा प्रश्न. नोंदींतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण बहुतेक हौशी वेगमापनं इथे बिघडतात.

एकाच संचातल्या चार वर्णपटांत वेग ४-५ किमी/से नं विखुरलेला येत होता. इतक्या प्रकाशात आणि इतक्या रुंद रेषेत आकडेमोडीची चूक १ किमी/से च्या आसपास असायला हवी. कारणं दोन निघाली.

पहिलं तापमान. रात्रीत पारा सहा-सात अंश उतरतो, प्लास्टिकचा सांगाडा आकसतो, वर्णपट सेन्सरवर सरकतो. १ पिक्सेल म्हणजे अवघे २.४ मायक्रॉन आणि ३ किमी/से. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक संचाच्या आधी आणि नंतर निऑन, आणि मधल्या वेळेसाठी दोन्हींमधलं प्रमाण.

दुसरं कारण निऑननं सुटत नाही. दिव्याचा प्रकाश स्लिट पूर्ण भरतो, तारा भरत नाही. तारा स्लिटच्या मध्यापासून पाव रुंदीनं जरी बाजूला बसला, तरी त्याची रेषा सुमारे ५ किमी/से नं सरकते, आणि निऑनच्या रेषा जागच्या हलत नाहीत. गायडिंग कितीही चांगलं असलं तरी ही चूक राहते.

म्हणून ऑक्सिजन. ६२७६ ते ६३२० च्या पट्ट्यातल्या या रेषा पृथ्वीच्या हवेत उमटतात, पण ताऱ्याच्याच प्रकाशात उमटतात. तारा स्लिटमध्ये जिथे बसला तिथूनच त्याही येतात. हवेचा वेग काही मीटर सेकंदाला, आपल्या हिशेबात शून्य. त्यामुळे आता क्रम असा: निऑनवरून तरंगलांबीची पट्टी, मग प्रत्येक वर्णपटात ऑक्सिजनच्या सात-आठ रेषांची सरासरी सरक काढून तेवढं वजा. हे केल्यावर संचातला विखुरलेपणा १.२ किमी/से वर आला.

रेषेचा मध्य काढण्याची पद्धतही बदलली. गाउसवक्र बसवण्याऐवजी रेषा उजवी-डावी उलटून मूळ रेषेवर सरकवत न्यायची, जिथे दोन्ही सगळ्यात चांगल्या जुळतात तो मध्य. फिरणाऱ्या ताऱ्याची रेषा गाउसवक्रासारखी नसते, तळाशी बोथट असते.

आणखी एक बारकावा. ६३४७ च्या रेषेत आयनित मॅग्नेशियमच्या ६३४६.७ आणि ६३४७.० या फिक्या रेषा मिसळलेल्या असतात, त्यामुळे तिचा वेग ६३७१ पेक्षा दीडेक किमी/से निळ्या बाजूला येतो. फरक कलेनुसार बदलत नाही, म्हणून वेगाच्या आयामावर (मध्यापासून किती वरखाली जातो त्यावर) परिणाम नाही. मध्यवेगासाठी, म्हणजे अख्ख्या जोडीच्या वेगासाठी, फक्त ६३७१ वापरायची.

२५ नोव्हेंबर

दुय्यम ग्रहण, मध्य २१:२०. डीएसएलआर, ५० मिमी भिंग, किंचित विफोकस, फक्त हिरवा चॅनेल, तुलनेला त्याच चौकटीतला ययातीतला दुसरा तारा, मिर्फक. दहा सेकंदांच्या उघडिपी, वीस-वीसच्या सरासऱ्या. उतार ०.०५ प्रतीच्या आसपास, मोजणीतली संभाव्य चूक ०.०१. डोळ्यांना हे कळणारं नाही, आणि विफोकस न करता कॅमेऱ्यालाही नाही, कारण ताऱ्याची प्रतिमा सेन्सरच्या रंगगाळण्यांच्या (बायर) जाळीच्या दोन-तीन पिक्सेलवर पडते आणि प्रत सरकण्याबरोबर उड्या मारते.

हा उथळ खड्डा ओळख पटवायला फार मोलाचा आहे. मुख्य तारा पुढे येऊन जोडीदाराला झाकतो तेव्हा प्रकाश कमी होतो. म्हणजे झाकलेल्या वस्तूला स्वतःचा प्रकाश आहे. कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा झाकला असता तर प्रकाशाचा आलेख सपाट राहिला असता.

४ डिसेंबर

धुकं. काम नाही. १५ अंशांवरच्या ३०० सेकंदांच्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, सेन्सरचा स्वतःचा दोष वजा करायला) उरकून घेतल्या. कॅमेरा थंड करणारा नाही, म्हणून प्रत्येक तापमानाचा वेगळा संच ठेवावा लागतो.

१९ डिसेंबर

कक्षा बसवली. आवर्तकाल ठरलेला, कक्षा वर्तुळाकार धरलेली, ग्रहणातली मोजमापं वगळलेली. वेगाचा आयाम ४३.१ ± ०.८ किमी/से. १९७१ पासून संदर्भाला घेतात तो आकडा ४४.० आहे, म्हणजे आपण संभाव्य चुकीच्या मर्यादेच्या काठाशी आहोत. आपला आकडा किंचित कमी येण्याला कारण असू शकतं: या प्रणालीत तिसरा ताराही आहे, त्याचा काही टक्के प्रकाश स्लिटमध्ये येतो आणि त्याची सिलिकॉन रेषा आपल्या रेषेला मध्याकडे ओढते.

आता वस्तुमान फलन. आयामाचा घन, गुणिले आवर्तकाल दिवसांत, गुणिले १.०३६ × १०⁻⁷. उत्तर ०.०२३८ सौर वस्तुमान, चूक साडेपाच टक्के. आयामाचा घन असल्यामुळे वेगातली दोन टक्क्यांची चूक इथे तिप्पट होते.

हा आकडा म्हणजे जोडीदाराचं वस्तुमान नव्हे. जोडीदाराच्या वस्तुमानाचा घन गुणिले कक्षेच्या कलाच्या (आपल्या दृष्टिरेषेशी तिरपेपणाच्या) ज्येचा, म्हणजे साइनचा, घन, भागिले एकूण वस्तुमानाचा वर्ग, एवढं मिळून ०.०२३८ आहे. वर्णपट इथेच थांबतो. पुढे दोन गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात, कक्षेचा कल आणि मुख्य ताऱ्याचं वस्तुमान.

ग्रहणं होतात म्हणून कल ८२ अंशांच्या आसपास. मुख्य तारा ३.१७ सौर धरला, २०१२ च्या व्यतिकरणमापी (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून केलेल्या) मोजणीनुसार, तर जोडीदार ०.७२. जुन्या वर्णपटीय अभ्यासांप्रमाणे ३.७ धरला तर ०.७९. आपली मोजणी तीच, उत्तर दहा टक्क्यांनी वेगळं.

कल माहीत नसता तर? हाच ०.०२३८ घेऊन ३० अंशांवर सोडवलं तर जोडीदार १.६४ सौर निघतो. १५ अंशांवर ४.२. म्हणजे दिसणाऱ्या ताऱ्याहून जड आणि तरी अदृश्य, थेट कृष्णविवराचा उमेदवार. वर्णपटात काडीचाही फरक न पडता. अदृश्य जोडीदाराची कुठलीही बातमी वाचताना आधी कल कुठून आला ते शोधावं.

८ जानेवारी

अवशेष पाहिले, म्हणजे मोजलेल्या वेगातून कक्षेचा वक्र वजा करून उरलेलं. ते यदृच्छ असायला हवेत. नाहीत. नोव्हेंबरच्या मध्याला मध्यवेग +१० च्या आसपास होता, आता +५. दोन्ही चौकोन-कलांना, म्हणजे ०.२५ ला आणि ०.७५ लाही, घट सारखीच दिसते, त्यामुळे आयाम चुकल्याची शंका उरत नाही.

पृथ्वीच्या दुरुस्तीचं चिन्ह उलटं असेल का? तसं असतं तर नोव्हेंबर ते आत्तापर्यंत फरक ४० किमी/से हून जास्त पडला असता, पाच नव्हे. तापमानाचा दोष? ऑक्सिजनची दुरुस्ती तो खाऊन टाकते. तरीही बाहेरचा साक्षीदार हवा.

१८ जानेवारी

साक्षीदार म्हणून मेषेतला हमल. वेग स्थिर, −१४ किमी/से च्या आसपास, अलगोलपासून फार दूर नाही, आणि के वर्गाचा असल्यामुळे खिडकीत लोहाच्या बारीक रेषा भरपूर, ६३९३.६ आणि ६४००.० त्यांतल्या ठळक. त्याचे वर्णपट नोव्हेंबरपासून प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला घेतलेले होते. एकमेकांशी ताडून पाहिले, सगळे ०.७ किमी/से च्या आत. म्हणजे उपकरण सरकलेलं नाही, अलगोलचा मध्यवेगच बदलतो आहे.

हा तिसरा तारा. अलगोलची जवळची जोडी आणि हा तारा एकमेकांभोवती ६८० दिवसांत फिरतात. तिसऱ्याचं वस्तुमान १.७६ सौर धरलं तर एकूण ५.६, बाहेरच्या कक्षेचा अर्धाक्ष २.७ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). जोडीचा वाटा त्यातला ०.८५ एकक, आणि तिचा वेग १२-१३ किमी/से नं खालीवर व्हायला हवा. दोन महिने म्हणजे कक्षेचा अकरावा भाग. तेवढ्यात जास्तीत जास्त ७ किमी/से चा बदल अपेक्षित, आपल्याला साडेपाच मिळाला. पटण्यासारखं आहे. कक्षा ठरवायला मात्र एका हिवाळ्याचा तुकडा पुरत नाही.

ताडून पाहायला स्वतंत्र वाटही आहे. जोडी ०.८५ एककानं मागेपुढे होते म्हणजे ग्रहणाची वेळ जास्तीत जास्त सात मिनिटं उशिरा किंवा लवकर येते, प्रकाशाला तेवढा वेळ जास्त-कमी लागतो म्हणून. डोळ्यांनी प्रत मोजून एवढी अचूकता येत नाही. डीएसएलआरनं उतरता आणि चढता दोन्ही बाजू मिळाल्या तर दोन-तीन मिनिटांपर्यंत जाता येतं. एकच बाजू मिळाली तर ते मोजमाप टाकून द्यावं. पुढच्या हिवाळ्यातही दोन्ही नोंदी, वेगाच्या आणि वेळेच्या, सोबत चालू ठेवायच्या. वेग शून्यातून जातो तेव्हा वेळेचा फरक टोकाला असतो, त्यामुळे एक दुसऱ्याची खातरजमा करतो.

२६ जानेवारी

ओळख. ०.७ ते ०.८ सौर वस्तुमानाचा जोडीदार. साधा मुख्य क्रमावरचा तारा असता तर सूर्याहून लहान असता आणि ग्रहण १.३ प्रतींचं झालंच नसतं. १.३ प्रती म्हणजे ७० टक्के प्रकाश गेला. झाकणारा गोळा मुख्य ताऱ्याएवढा किंवा मोठाच हवा. वजनानं हलका, आकारानं मोठा, तापमानानं थंड: फुगलेला के वर्गाचा (नारिंगी) उपराक्षसी तारा, ज्यानं आपलं बरंचसं वस्तुमान शेजाऱ्याला देऊन टाकलं आहे. १९७८ मध्ये टॉमकिन आणि लॅम्बर्ट यांनी त्याच्या सोडियमच्या रेषा पकडल्या, वेगाचा आयाम २०१ किमी/से. दोन्ही आयामांचं गुणोत्तर ४.६, तेच वस्तुमानांचं. अदृश्य हा शब्द तेव्हा गळून पडला. त्याआधीही तो काळा नव्हता, शेजाऱ्याच्या झगमगाटात हरवलेला होता.

आणि इथेच ती जागा आहे जिथे मोठमोठ्या वेधशाळाही घसरल्या. २०२० मध्ये एचआर ६८१९ या ताऱ्यापाशी सगळ्यात जवळचं कृष्णविवर सापडल्याचं जाहीर झालं. ४० दिवसांची कक्षा, दिसणारा तारा बी वर्गाचा, म्हणून त्याचं वस्तुमान पाच सौरांहून जास्त धरलं, म्हणून जोडीदार चार सौरांहून जड, आणि त्याचा प्रकाश नाही. २०२२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटीआय या जोडलेल्या दुर्बिणींनी पाहिलं तर तिथे दोन तारे होते. बी वर्गाचा दिसणारा तारा प्रत्यक्षात कवच गमावलेला, सूर्याच्या अर्ध्या वजनाचा गाभा होता. वर्णपटाचा प्रकार बी, वजन मात्र बी ताऱ्याचं नाही. अलगोलच्या आकड्यांवर तोच प्रयोग केला: मुख्य ताऱ्याचं वस्तुमान ३.१७ ऐवजी ०.४ टाकलं की जोडीदार ०.७२ वरून ०.२१ वर येतो. वर्णपटाच्या प्रकारावरून वस्तुमान गृहीत धरणं हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. एलबी-१ या जोडीतल्या ७० सौरांच्या कृष्णविवराची २०१९ मधली घोषणा दुसऱ्या कारणानं पडली. तिथे हायड्रोजन-अल्फाच्या उत्सर्जनाची सरक कृष्णविवराची मानली होती, ती प्रत्यक्षात ताऱ्याच्या शोषणरेषेनं निर्माण केलेली होती. १८ ऑक्टोबरच्या नोंदीत हायड्रोजन-अल्फा टाळली त्याच जातीची अडचण.

उलट गाया उपग्रहाच्या मोजणीतून सापडलेलं गाया बीएच-१ हे कृष्णविवर टिकलं, कारण त्यात दिसणाऱ्या ताऱ्याचं वस्तुमान आणि कक्षेचा कल हे दोन्ही दुवे पक्के आहेत. दिसणारा तारा सूर्यासारखा, रटाळ म्हणावा इतका नेहमीचा, ०.९३ सौर. आवर्तकाल १८५.६ दिवस. कल वर्णपटातून नव्हे तर गायानं आकाशात मोजलेल्या डुलण्यातून आला. वस्तुमान फलनच चारच्या जवळ आहे, म्हणजे दिसणाऱ्या ताऱ्याचं वस्तुमान शून्य धरलं तरी जोडीदार चार सौर. प्रत्यक्षात ९.६. फलन इतकं मोठं असलं की वाद घालायला जागाच राहत नाही. ०.०२ असलं की सगळं गृहीतकांवर उभं.

२ फेब्रुवारी

अलगोल आता संध्याकाळीच पश्चिमेकडे कलतो. दुरुस्ती −२७ च्या घरात. हंगाम आवरता घेतला.

पुढचं लक्ष्य उत्तर मुकुटातला अल्फेका, प्रत २.२, आवर्तकाल १७.३६ दिवस, आयाम ३५ किमी/से, उत्केंद्रता ०.३७. जोडीदार सूर्यासारखा जी वर्गाचा, आणि त्याचा प्रकाश मुख्य ताऱ्यात पूर्ण बुडालेला. अडचणी वेगळ्या आहेत. तारा वेगानं फिरतो, सेकंदाला १०० किमी हून जास्त, त्यामुळे सिलिकॉनची रेषा अलगोलपेक्षा दुप्पट रुंद आणि खोलीला निम्मी. मध्याची चूक तिपटीच्या आसपास जाईल, म्हणून संच सहा उघडिपींचा. कक्षा लांबट असल्यामुळे वेग काही दिवसांतच झटकन बदलतो, बाकीचे दिवस संथ. दोन तारे सगळ्यात जवळ येतात त्या सुमाराच्या चार-पाच रात्री सलग मिळाल्या नाहीत तर आयाम कमीच येणार. क्रांती २६.७, म्हणजे इंदूरहून तो खमध्यापासून फक्त ४ अंशांवरून जातो. जर्मन माउंटला नेमकी तिथेच पलटी मारावी लागते आणि स्पेक्ट्रोग्राफ तिपाईच्या पायाला लागतो. तिपाईखाली २० सेंमीचा नळीचा तुकडा घालून पाहिलं, आता मोकळा फिरतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून मध्यरात्रीनंतर सुरुवात, रोज आधी चाचणीचा स्थिर तारा, मग अल्फेका.